सर्व्हर अडतो तेव्हां

भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें, तर शहाणा मनुष्य किल्ली द्यावयाची राहिली काय, हें प्रथम पाहतो. लागलीच चक्रें सोडवावयास बसत नाहीं. पण शाळेंत, दवाखान्यांत अथवा कचेरींत अनेकांचीं कागदपत्रें सांभाळणारा सर्व्हर अडला, कीं हाच शहाणा मनुष्य स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धांवतो. मीहि तसाच धांवलों होतों.

आमच्या शाळेच्या सर्व्हरमध्यें चार डिस्का होत्या. एक निकामी झाली, तरी उरलेल्या तिहींवरून तिचा मजकूर पुन्हा जुळवितां येतो, अशी ती रचना. तिला रेड ५ म्हणतात. एके दिवशीं पिंवळा दिवा लागला. तो कोणत्या डिस्कचा, हें वाकून न पाहतां मी शेजारची निरोगी डिस्क उपसली. यंत्र थांबलें. घाबरून मी ती परत बसविली आणि पडद्यावरचा प्रश्न न वाचतांच ‘होय’ म्हटलें. जुळणी नव्यानें मांडली गेली व होता तो मजकूर गेला. बाहेर ठेवलेली प्रत तीन आठवड्यांपूर्वींची होती. मधल्या दिवसांचे गुण कागदांवरून पुन्हा उतरवितांना चार शिक्षकांच्या सहा रात्री गेल्या. दोष एका डिस्कचा होता. नुकसान मात्र माझ्या उतावळेपणानें झालें.

तेव्हांपासून मी कांहीं नियम पाळतों. यंत्र चालत असेल, तर हात लावण्यापूर्वीं मजकुराची प्रत काढावी. मग दिवे पाहावे, शिट्ट्या मोजाव्या, आणि यंत्र स्वतःच लिहीत असलेली बिघाडांची नोंद वाचावी. वीज तोडल्यावर घड्याळ मागें पडत असेल, तर तीन व्होल्टांचा नाण्याएवढा सेल संपलेला असण्याचा संभव अधिक. यंत्र तापून बंद पडत असेल, तर पंख्यांतली धूळ पाहावी. रॅमच्या पट्टीचा संशय आल्यास ती दुसऱ्या खांचेंत बसवावी: दोष पट्टीबरोबर सरकला तर पट्टी दोषी, जागीं राहिला तर खांच दोषी. मात्र एका वेळीं बदल एकच करावा व तो लिहून ठेवावा. सन १९४७ च्या सप्टेंबरांत हार्वर्ड येथील मार्क २ गणकयंत्राच्या रिलेमध्यें एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहींतच चिकटविला. ती वही आज अमेरिकेंतील स्मिथ्सोनियन संग्रहांत आहे. लिहून ठेवण्याची संवय ती हीच.

आतां जिवाची गोष्ट. पुष्कळ सर्व्हरांस विजेच्या दोन दोऱ्या असतात; पेटी उघडण्यापूर्वीं दोन्ही काढाव्या. पॉवर सप्लाय तर कधींच उघडूं नये; दोरी काढल्यावरहि त्याच्या कपॅसिटरांत धोकादायक वीज सांठून राहते. तसेंच, अंगावर सांठलेली स्थिर विद्युत् सुमारें तीन हजार व्होल्टांपर्यंत आपणांस जाणवतहि नाहीं, पण कांहीं नाजूक भाग शंभराहून कमी व्होल्टांनींहि बिघडतात. म्हणून जमिनीशीं जोडलेला मनगटपट्टा बांधावा.

मुलांना मी वर्षानुवर्षें सांगत आलों, कीं उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचा. तो धडा मला स्वतःला एका पिंवळ्या दिव्यानें शिकविला.