‘लाईन’ : एका शब्दाचा मराठवाड्यातला संसार



आज मी ‘लाईन’ या एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. इंग्रजी कोशात त्याचे अर्थ कित्येक रकाने भरून आहेत. रेघ, दोरी, रांग, कवितेची ओळ, नटाच्या तोंडचं वाक्य, घराणं, सैन्याची फळी, मासे धरायच्या गळाची दोरी, अजून कितीतरी. त्यांतले मोजकेच अर्थ आपल्याकडे आले. आल्यावर आपल्या माणसांनी त्यांचं काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

या शब्दाचं मूळ शेतात आहे. लॅटिनमध्ये जवसाला ‘लीनुम’ म्हणत. जवसाच्या खोडाचा वाख काढून वळलेला धागा तो ‘लीनेआ’, आणि त्यातून पुढे ‘लाईन’ झाली. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे पीक. आपण त्याचं बी घेतलं, युरोपने धागाही घेतला. आपला गवंडी पाया आखताना दोरी ताणतो आणि तिला ‘लाईनदोरी’ म्हणतो, तेव्हा तो नकळत मूळ अर्थाच्या अगदी जवळ उभा असतो.

आपला बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून. त्यामुळे इंग्रजी शब्द आपल्या खेड्यांत साहेबापेक्षा यंत्राबरोबर जास्त आले, असं माझं मत आहे. मोटार, पंप, पाईप, फ्यूज. ‘लाईन’ त्यांच्याच सोबतीने आली.

आता शेतकरी काय म्हणतो ते ऐका. ‘लाईन आली का?’ ‘लाईन गेली.’ ‘या आठवड्याला लाईन रात्रीची हाय.’ इंग्रजीत विजेची लाईन म्हणजे खांबावरची तार. आपल्याकडे तार जागच्या जागी असते आणि लाईन येते-जाते! तारेचं नाव आपण तारेतून वाहणाऱ्या विजेला दिलं. तारेचा शेतकऱ्याला उपयोग काय? त्याला हवा असतो पंपाला चालवणारा थ्री फेज पुरवठा, आणि तो पाळीने मिळतो, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची भीती पोटात ठेवून पिकाच्या पाण्याची दारं धरायला निघतो. घरातली आई जागीच असते. ‘लाईन’ या शब्दात त्या घराची सगळी रात्र आहे. तो अर्थ कोशकारांनी नोंदवला पाहिजे, आणि बोलीतला अपभ्रंश म्हणून नव्हे, शब्दाचा स्वतंत्र अर्थ म्हणून.

दुसरी लाईन पाण्याची. तुमच्या पाली गावाजवळच्या बिंदुसरेच्या धरणातून बीड शहराला लाईनीने पाणी जातं. तिसरी रेल्वेची. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला आणि बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. मधल्या तीस वर्षांत ‘लाईन कधी येणार?’ हा प्रश्न विचारत एक पिढी म्हातारी झाली. वीज, पाणी, रेल्वे, तिन्ही ठिकाणी शब्द एकच आणि तिन्ही ठिकाणी माणसाच्या नशिबी वाट पाहणं आलंच.

शिवाय पोरगं ‘लाईनीला लागतं’, कुणी ‘ड्रायव्हर लाईनीत’ जातो, कुणी डॉक्टरकीच्या. पोरं लाईन मारतात तेही आहेच. आपण या शब्दाला स्त्रीलिंग दिलं, ‘लाईनीला’, ‘लाईनीत’ असं त्याचं सामान्यरूप केलं. विभक्तीला वाकला तो शब्द मराठी झाला, असं मी मानतो. त्याला हुसकावण्याचा आग्रह मला पटत नाही.

पण माझी एक काळजी आहे. जी वस्तू बाहेरून आली तिच्याबरोबर नाव येणारच. जे आपल्याकडे आधीच होतं, तिथेही आता ‘लाईन’ बसू लागली आहे. पेरणीचं तास, कुळवाची काकर, उसाची सरी, जेवणाची पंगत, दर्शनाची बारी, वहीतली ओळ, पाटीवरची रेघ, तळहातावरची रेषा. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. खुरपणीची ‘पात’ घ्या. पात म्हणजे पिकाची नुसती ओळ नाही. एका बाईने एका दमात खुरपत न्यायचा पट्टा म्हणजे पात. त्यात तिचं माप आहे, शेजारणीशी लागलेली चढाओढ आहे, मागे पडलेल्या म्हातारीला दोघींनी दिलेला हात आहे. पात बांधाला लागली की कंबर सरळ करून पाणी प्यायचं. हिला ‘लाईन’ म्हटलं की ओळ तेवढी उरते, बाई जाते. तणनाशकाच्या फवाऱ्याने पात कमी झालीच आहे, तिच्यामागे शब्दही चालला आहे.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. येत्या खरिपात मुलांना घरच्या आजीकडून असे शब्द लिहून आणायला सांगा. शब्दापुढे अर्थ नको, तो शब्द आजीने कुठल्या वाक्यात वापरला ते लिहू द्या. आणि इथे बसलेल्यांपैकी ज्या बायांनी पात धरली आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर थोडं थांबावं. मी वही घेऊन आलो आहे.