गजकर्ण हट्टी का झालं?

पावसाळ्यात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून मुंबईला जाणारी माणसं अर्धा दिवस ओल्या कपड्यांतच काढतात. त्यात घट्ट जीन्स असेल, तर जांघेत, कंबरेभोवती गजकर्ण उठायला वेळ लागत नाही. पूर्वी ते साध्या मलमाने जायचं. आता महिनोन्महिने हटत नाही.

देशभरातल्या अशा चिवट गजकर्णामागे बऱ्याचदा ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी असते. 2020मध्ये जपानी संशोधकांनी तिची वेगळी ओळख पटवली, 2023मध्ये ती न्यूयॉर्कच्या रुग्णांतही सापडली. टर्बिनाफाईन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही.

तिला बळ दिलं ते आपणच, चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉईडमिश्रित मलमांनी. खाज दोन दिवसांत थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरतच राहते.

बुरशी औषधाला सरावण्याचा हा धोका शेतातही आहे. बदलापूरच्या आसपास भातावर पडणारा करपा हा रोगही बुरशीचाच. पिकांवर फवारली जाणारी ॲझोल गटातली बुरशीनाशकं आणि माणसांना दिली जाणारी काही औषधं एकाच कुळातली आहेत. त्यामुळे शेतात या बुरशीनाशकांना सरावलेली ॲस्परजिलस नावाची बुरशी फुप्फुसात गेली, तर दवाखान्यातलं औषधही निकामी ठरू शकतं. 2021च्या म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, साथीनंतर तरी बुरशीचे आजार हसण्यावारी नेऊ नयेत.

गजकर्ण झालेल्याचा टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात कडकडीत वाळवा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्यांनाही डॉक्टरांकडे न्या. आणि चट्टा दिसेनासा झाला, तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध थांबवू नका.