मजुरीचा कायदा आणि आपली सही

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त न्यूजर्सी येथील स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही पेशाने डॉक्टर. कायद्यावर बोलण्याचा अधिकार खरे तर वकिलांचा. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, त्याचे कारण आमच्या दवाखान्यात आहे. पाठदुखीने हैराण झालेला आपला एक तरुण आमच्याकडे आला. दुकानात तो आठवड्याला साठ तास उभा असे. काही दिवस विश्रांती घ्या असे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रजा मागितली तर मालक नाराज होतील. या परक्या देशात त्यांनीच मला आधार दिला." साठही तासांचा मोबदला त्याला एकाच दराने मिळत होता. औषध आम्ही लिहून दिले. परंतु त्याच्या दुखण्याचे निम्मे औषध या राज्याच्या कायद्यात होते, आणि ते त्याला ठाऊक नव्हते.

तो कायदा काय सांगतो? अमेरिकेच्या संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर थांबलेले आहे. राज्यांना मात्र त्याहून अधिक देण्याची मुभा आहे. न्यूजर्सीत १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कामगारांसाठी ते ताशी १५ डॉलर ४९ सेंट झाले, आणि महागाईनुसार त्यात वाढ करण्याची तरतूद आहे. आठवड्यात चाळीस तासांपुढील प्रत्येक तासाला दीडपट दर द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात तर सर्वसाधारणपणे दिवसाच्या आठ तासांपुढे दीडपट आणि बारा तासांपुढे दुप्पट. डॉक्टर, वकील, शिक्षक यांसारख्यांना ओव्हरटाइमची तरतूद लागू नाही. पण नुसते "मॅनेजर" असे नाव देऊन कुणाचा ओव्हरटाइम बुडवता येत नाही. प्रत्यक्ष काम कोणते, हे पाहिले जाते.

रजेचेही तसेच. न्यूजर्सीत २०१८ पासून दर तीस तासांच्या कामामागे एक तास, याप्रमाणे वर्षाला चाळीस तासांपर्यंत भरपगारी आजारपणाची रजा मिळते. सलग तीन दिवसांहून कमी रजेसाठी एरवी डॉक्टरच्या दाखल्याची सक्ती करता येत नाही. केवळ एका दिवसाच्या दाखल्यासाठी आमच्या दारात तापाने फणफणत उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बाळंतपण किंवा घरातील गंभीर आजारपण यांसाठी राज्याच्या विम्यातून बारा आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळतो. कुटुंबासाठीच्या या रजेचा हप्ता कामगाराच्याच पगारातून कापला जातो. आपल्याच पैशाची रजा मागताना संकोच कसला?

थकलेली मजुरी मागण्यासाठी २०१९ च्या कायद्याने सहा वर्षांची मुदत दिली आहे. तक्रार केल्यापासून नव्वद दिवसांच्या आत मालकाने कामावरून काढले, तर ती कारवाई सूडाची आहे असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. व्हिसावर आहोत म्हणून किमान वेतनाचा आणि ओव्हरटाइमचा हक्क बुडत नाही.

आता उरले चौथे कलम, नॉन-कॉम्पीट, म्हणजे स्पर्धाबंदीचे. नोकरी सोडल्यावर अमुक काळ, अमुक मैलांच्या आत तोच व्यवसाय करायचा नाही, असे ते बंधन. इथे आमचीच चूक सांगतो. या देशातील पहिल्या नोकरीच्या करारावर आम्ही तो न वाचता सही केली. नोकरी मिळते आहे याच आनंदात होतो. पुढे ती सोडण्याची वेळ आली तेव्हा कळले की दोन वर्षे वीस मैलांच्या आत रुग्ण तपासता येणार नाहीत. मुलांची शाळा बदलली, घर बदलले, आणि आमच्यावर विसंबलेले रुग्ण मागे राहिले.

याबाबत राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियात अशी कलमे १८७२ पासून रद्दबातल मानली जातात. मिनेसोटाने १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या करारांत त्यांना बंदी केली. इलिनॉयमध्ये २०२२ पासून ठरावीक मिळकतीच्या खालील कामगारावर ती लादता येत नाहीत, आणि इतरांना करार वाचण्यास चौदा दिवस द्यावे लागतात. टेक्सासने २०२५ मध्ये डॉक्टरांसाठी एक वर्ष व पाच मैल अशी मर्यादा घातली. न्यूजर्सीत कलम वाजवी असेल तरच न्यायालय ते मान्य करते. २००५ मध्ये एका मेंदूशल्यचिकित्सकाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीस मैलांची बंदी अवास्तव ठरवली, कारण तिने रुग्णांचे नुकसान होत होते. संघराज्य पातळीवर २०२४ मध्ये जाहीर झालेली सर्वव्यापी बंदी मात्र त्याच वर्षी न्यायालयाने रोखली. म्हणून आपले राज्य कोणते, हे आधी पाहावे.

बंधुभगिनींनो, वेतन, कामाचे तास, रजा आणि काम सोडण्याचे स्वातंत्र्य हे चार विषय आपल्याला नवे नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांची महार वतने आठवा. चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी, मोबदला तुटपुंजा, घरचा माणूस हजर नसेल तर कुटुंबातील दुसऱ्याने जायचे, आणि ते काम सोडण्याची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच जोखडाविरुद्ध. पुढे जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दीत १९४५ मध्ये कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजेचा कायदा झाला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास चौपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आले. आमच्या करारातील एक कलम आणि पूर्वजांचे वतन यांची बरोबरी आम्ही करत नाही. ती करणे पूर्वजांच्या यातनांचा अपमान ठरेल. परंतु ज्यांच्या घराण्याने न सुटणारी चाकरी भोगली, त्यांनी न वाचता सही करू नये, एवढे तरी आपण शिकले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जरा कठोर. आज आपल्यातील काहीजण स्वतः मालक झाले आहेत. कुणाचे दुकान आहे, कुणाचा दवाखाना आहे, कुणाच्या घरी मुले सांभाळायला बाई येतात. न्यूजर्सीत १ जुलै २०२४ पासून घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला. लेखी करार, विश्रांतीची वेळ त्यात आहे, आणि कामगाराची मूळ कागदपत्रे मालकाने अडकवून ठेवणे त्यात मना आहे. आमच्या स्वतःच्या दवाखान्यात आम्ही चाळीस तासांपुढचा हिशेब नीट ठेवतो का, हे भाषण लिहिताना आम्हांला तपासावे लागले, आणि एका ठिकाणी चूक सापडली. ती दुरुस्त करून मागील बाकीही दिली. पाठदुखीचा तो तरुण ज्या मालकाला आधार म्हणत होता, तसे मालक आपण होऊ नये. सम्यक आजीविका ही केवळ नोकरी करणाऱ्याने पाळायची गोष्ट नाही. ती नोकरी देणाऱ्यालाही लागू आहे.

तेव्हा विनंती इतकीच. कामाच्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. सही करण्यापूर्वी करार घरी आणा, वाचा, वकिलाला दाखवा. आपल्या संघटनेतील जाणत्यांनी वर्षातून एकदा तरुणांचे करार सोबत बसून वाचावेत. "शिका" या आदेशात करार वाचायला शिकणेही येते, असे आम्ही मानतो.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.