फौजदारीचा वकील



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, हा रिवाज आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभेत फार. कायदा आम्ही नोटिसा वाचून शिकलो. आधी आमच्यावर आलेल्या, मग आम्ही पाठवलेल्या. तेव्हा आज आमच्याकडून कायद्याचे निरूपण होणार नाही. आरोपीच्या बाजूने उभे कोण राहतो, आणि कोणी उभे न राहिल्यास काय होते, एवढेच सांगण्याचा विचार आहे. आपल्या तालुक्यातील वकील मंडळींपैकी जे फौजदारी कामे चालवतात त्यांचा बार असोसिएशनच्या आत एक वेगळा गट असावा, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले, ते सांगितल्याशिवाय पटणार नाही.

कामगार कोर्टात आम्ही स्वतः बोलत आलो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगारातर्फे उभे राहण्याचा हक्क दिला होता, आणि वकिलाला मात्र समोरच्याची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागत असे. त्यामुळे काळ्या कोटाविषयी आमच्या मनात थोडी गुर्मी होती. आमचे काम आम्हांला येते, वकील हवा कशाला, असे आम्ही म्हणत असू. फौजदारी कोर्टाच्या दारात ही गुर्मी गळून पडते. तेथे कठड्यापलीकडे आम्ही कोणीच नव्हे. मागच्या बाकावर बसून पंख्याचा आवाज ऐकणारा एक माणूस.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात रात्रपाळीला स्फोट झाला. कारखान्याचे नाव घेत नाही. तीन कामगार गेले. तिघेही आमचे सभासद. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा त्यांची माणसे गेटबाहेर बसली होती, आणि पोलिसांनी पाळीवरच्या ऑपरेटरला ताब्यात घेतले होते. तोही आमचाच सभासद. बिहारकडचा, बोईसरला चाळीत राहणारा. स्फोट झाला त्या घटकेला तो रिअ‍ॅक्टरजवळ नव्हता. तो पळून गेला, असे गेटवर जो तो म्हणत होता. आम्हीही म्हटले. आम्ही ते म्हटले हे आज येथे सांगणे सोपे नाही, पण ते सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांला हक्क नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला पालघरच्या कोर्टात उभे केले. त्याच्यातर्फे कोणी नव्हते. आम्ही त्या वेळी तीन मृतांच्या नुकसानभरपाईच्या कागदांत होतो. मालकमंडळींना तिसऱ्याच दिवशी ठाण्याहून अटकपूर्व जामीन मिळाला; त्यांच्यातर्फे दोन वकील होते, एक मुंबईचा. ऑपरेटरची रवानगी ठाण्याच्या तुरुंगात झाली. त्याची बायको आमच्या कचेरीत दोनदा आली. दोन्ही वेळा आम्ही ‘बघू’ म्हणालो. ज्यांचे मेले त्यांच्यासमोर याच्या वकिलासाठी युनियनचा फंड कसा काढावा, हा प्रश्न आमच्या कमिटीला पडला होता, आणि खरे म्हणजे तो प्रश्न पडला याचे आम्हांला बरेच वाटत होते. तिसऱ्यांदा ती आली नाही.

आता येथे कायद्याची एक बारीक गाठ आहे, ती समजून घ्या. निष्काळजीपणाने माणूस दगावला तर जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०४-अ होते. ते जामीनपात्र, जामीन पोलीस ठाण्यावरच होऊ शके. पण कृत्याने मृत्यू घडेल याची जाणीव होती असे म्हटले, की कलम ३०४ लागते. ते अजामीनपात्र, आणि खटला सत्र न्यायालयात. दोन कलमांत अक्षर एकच, पण त्या ‘अ’च्या अलीकडे घर आहे आणि पलीकडे तुरुंग. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तीत हीच कलमे १०६ आणि १०५ झाली. निष्काळजीपणाची शिक्षा दोन वर्षांची पाच वर्षांपर्यंत वाढली, पण पोट तेच राहिले. आमच्या ऑपरेटरवर ३०४ लावले होते. ते लागू होते का, हे पहिल्या दिवशी विचारायला तेथे कोणी नव्हते.

भोपाळचे उदाहरण घ्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे हजारो माणसे वायूने मेली. कंपनीच्या अधिकाऱ्यांवर हेच कलम ३०४ लावले गेले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९६ साली न्यायालयाने ते आरोप ३०४-अ वर आणले. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने शिक्षा दिली ती दोन वर्षांची. या निकालाने देश हळहळला, आम्हीही मोर्चा काढला. पण त्या मोर्च्यात आमच्या लक्षात आले नाही ते हे, की जी गाठ त्यांच्या वकिलांनी दिल्लीला जाऊन सोडवून घेतली, तीच आमच्या ऑपरेटरच्या गळ्यात होती आणि ती सोडवण्यासाठी दिल्लीला जावे लागत नव्हते. उमरोळीचे स्टेशन ओलांडून पालघरला यावे लागत होते.

शेवटी त्या बाईला तिच्या चाळीच्या मालकाने पालघरच्या एका वकिलाकडे नेले. वयस्क गृहस्थ, जन्मभर फौजदारीच केलेली. त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल? भाषण नाही, अर्ज नाही. त्यांनी पंचनाम्याची नक्कल मागवली आणि वाचली. जप्त मालाच्या यादीत शेवटून दुसरी ओळ होती : नोंदवही एक. ती नोंदवही त्यांनी कोर्टातून काढवून पाहिली. तीत त्या रात्रीची, ऑपरेटरच्या हातची नोंद निघाली. थंड पाण्याचा दाब नाही, दुसरा पंप हाताने चालू करण्यास जात आहे, आणि पुढे वेळ. त्याच वहीत त्याआधीच्या आठवड्यातही त्याच पंपाची तक्रार दोनदा लिहिलेली होती. तो पळाला नव्हता, पंपाकडे गेला होता. ती वही पहिल्या दिवसापासून पोलीस ठाण्याच्या कपाटात होती, आणि तीत काय आहे हे कोणी विचारले नाही; आम्हीही नाही. आणि पंपाची तक्रार? ती आमच्या खात्यातील प्रतिनिधीच्या कानावरही घातलेली होती. तो सांगायला विसरला.

सत्र न्यायालयाने जामीन दिला तेव्हा चौऱ्याहत्तर दिवस झाले होते. पुढे ३०४ गळले, खटला पालघरला परत आला, आणि काही वर्षांनी तो निर्दोष सुटला. आता तो वापीकडे असतो. आम्ही एकदा गाडीत भेटलो. त्याने नमस्कार केला आणि दुसऱ्या डब्यात गेला.

यानंतर आम्ही फौजदारीची पुस्तके वाचू लागलो. उशिरा का होईना.

राज्यघटनेचे कलम २२ सांगते की अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क आहे, आणि चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले आणि मोफत कायदेसाह्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. पुढे १९८१ साली, बिहारात पोलीस कोठडीत कैद्यांचे डोळे फोडल्याच्या त्या भयंकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे साह्य खटला सुरू झाल्यावर नव्हे, आरोपी पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे येतो त्या क्षणापासून द्यायचे. आणि त्याने मागितले नाही म्हणून टाळायचे नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम आम्ही वाचले तेव्हा खुर्चीत ताठ बसलो. मोफत वकील कोणाला? अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रीला, मुलाला, कोठडीतल्या माणसाला, आणि औद्योगिक कामगाराला! तेथे उत्पन्नाची अट नाही. आमचा ऑपरेटर कामगार म्हणूनही पात्र होता आणि कैदी म्हणूनही. तीस वर्षे कामगारांत वावरून हे आम्हांला ठाऊक नव्हते.

कोणी म्हणेल, कायदा इतका भरला आहे, आता जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षकांची कचेरीही निघू लागली आहे, मग वकिलांच्या गटाची गरज काय? गरज आहे, आणि ती आमच्या मुलखाच्या स्वभावातून आली आहे. आपल्याकडचा वकील मुख्यतः जमिनीवर जगतो. सातबारा, वाटप, कुळाचे दावे, आणि आता महामार्ग, बुलेट ट्रेन, वाढवणचे बंदर. संपादनाच्या फायलींना अंत नाही. त्यात प्रतिष्ठा आहे आणि पक्षकार बसून पैसे देतो. फौजदारीचा वकील मात्र चोरांचा वकील म्हणून ओळखला जातो. तरुण वकील दोन वर्षे रिमांडला उभा राहतो आणि मग जमिनीकडे वळतो. त्याला उलटतपासणी शिकवील असा वडील माणूस शेजारच्या टेबलावर असतो, पण दोघांच्या बसण्याची अशी वेळ नाही. शिवाय २०२४ पासून तिन्ही कायदे बदलले. चाळीस वर्षे तोंडपाठ असलेली कलमे एका सकाळी नवे आकडे लेवून आली. जुन्या गुन्ह्यांना जुना कायदा, नव्यांना नवा. दोन्ही संहिता उघड्या ठेवून काम करावे लागते. आठवड्यातून एक तास एकत्र बसून वाचण्याचे हे काम एकट्याचे नव्हे.

जामिनाचेही तसेच. बोईसरचा अर्धा कामगार परप्रांतातला. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार आणायचा कोठून? येथे त्याचे घर नाही, रेशनकार्ड नाही, ऐपतीचा दाखला नाही. आदेश हातात आणि माणूस आत. १९७८ साली मध्यप्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे असेच झाले होते. दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्याने तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते चूक ठरवले. हा निवाडा खिशात ठेवून रोज कोर्टात येणारा एक तरी माणूस हवा.

आता अवघड भाग. काही गुन्हे असे घडतात की गाव खवळते, आणि मग वकीलच म्हणतात, याचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. ठराव होतात, टाळ्या पडतात. कोइमतूरला असा ठराव झाला तेव्हा आरोपी कोण होते? पोलीस! वकिलांशी त्यांचा दंगा झाला होता. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे सगळेच ठराव बेकायदा व रद्दबातल ठरवले. पण न्यायालयाने सांगितल्याने एकट्या वकिलाला धीर येत नाही. त्याच्या दारावर कोणी काळे फासले तर तो एकटाच असतो. गटाने वकीलपत्र घेतले तर ते काळे कोणाच्या दारावर फासणार?

हे आम्ही कोठे बोलत आहोत याचे भान आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये याच गावात दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका वाक्यासाठी अटक झाली होती. वाक्य बंदविषयी होते. एकीने लिहिले, दुसरीने पसंती दर्शवली. त्या वेळी गावाचे वातावरण कसे होते हे तुम्ही जाणता. तरी त्याच दिवशी त्यांच्यासाठी जामीन मागितला गेला आणि मिळाला. ज्या कलमाखाली ती कारवाई झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. म्हणजे पालघरच्या कोर्टात त्या दिवशी जो प्रश्न उभा राहिला तो सुमारे सव्वादोन वर्षांनी देशाचा प्रश्न ठरला.

दुसरे उदाहरण अधिक जड आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचल्याला जमावाने तीन माणसे मारली. दोन साधू आणि त्यांचा चालक. त्या कृत्याविषयी आमच्या मनात संताप आहे, आणि खटल्यावर आम्ही बोलणार नाही. पण शंभरावर माणसे धरली गेली, बहुतेक आदिवासी. काळोखातल्या त्या गर्दीत काठी कोणाच्या हातात होती, नुसता उभा कोण होता, आणि त्या रात्री तेथे नसलेला कोण होता, हे एकेका माणसापुरते वेगळे करणे हेच फौजदारी वकिलाचे काम. ते नीट झाले नाही तर दोन अन्याय होतात : निरपराध आत जातो, आणि त्याच्या आडोशाने अपराधी निसटतो. मेलेल्यांच्या नातलगांनाही चांगल्या बचावाची गरज असते, हे वाक्य आम्हांला त्या नोंदवहीने शिकवले. पंपाची गोष्ट उघडी झाली नसती तर त्या तीन घरांना खरा दोषी कोण हे कधी कळलेच नसते.

आमची मागणी मोठी नाही. फौजदारी चालवणाऱ्या वकिलांनी बारच्या खोलीत आठवड्यातून एक दुपार ठरवावी. रिमांडला कोणत्या दिवशी कोण हजर राहील याचा तक्ता करावा, सुट्टीच्या दिवसांचाही, कारण अटका बहुधा शनिवारी होतात. वारली बोलणारा एक आणि हिंदी-भोजपुरी समजणारा एक माणूस हाताशी ठेवावा. कोणताही आरोपी नाकारायचा नाही, एवढा एकच नियम लिहावा.

पैशाचा प्रश्न निघेल, निघालाच पाहिजे. नकलांचा खर्च, टायपिंग, ठाण्याचे जाणे-येणे हे आमच्या युनियनने द्यावे, असा ठराव कमिटीपुढे ठेवला आहे. जामीनदारांचे काम आम्ही अंगावर घेऊ. बोईसरमध्ये स्वतःचे घर असलेले जुने कामगार आहेत. त्यांतल्या अकरा जणांनी नावे दिली आहेत. कमिटीत एकाने विचारले, उद्या आपल्याच माणसाला मारणाऱ्याला हा वकील मिळाला तर? आम्ही हो म्हणालो. ठराव अजून मंजूर झालेला नाही. पुढची बैठक रविवारी सकाळी दहाला आहे, आणि वकील मंडळींपैकी ज्यांना यायचे त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत.