भंडाऱ्याला समुद्र नाही, मग सीआरझेड कशाला समजून घ्यायचं?

विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याला झालं काय? आपल्या भंडाऱ्यात तलाव आहेत, वैनगंगा आहे, पण समुद्र कुठाय?

बरोबर आहे. पण नोकरीसाठी मुंबई, ठाणे, पनवेलकडे गेलेले आपलेच किती जण आहेत! गावची जमीन विकून, वर कर्ज काढून तिकडे फ्लॅट घेतात. मग मेसेज येतो, "दादा, खाडीजवळ फ्लॅट आहे. बिल्डर म्हणतो सगळ्या परवानग्या आहेत. घेऊ का?"

सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. समुद्राच्या भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत हे नियम लागतात. आणि भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या खाड्यांच्या काठालाही लागतात. म्हणजे खिडकीतून समुद्र दिसत नसला, तरी बिल्डिंग सीआरझेडमध्ये असू शकते.

नियम मोडला तर काय होतं? केरळात मरडू इथे चार गृहसंकुलं जानेवारी २०२० मध्ये स्फोटकं लावून पाडली. आदेश सर्वोच्च न्यायालयाचा. तिथे पंचायतीची परवानगी होती, किनारा प्राधिकरणाची नव्हती. आपल्याकडे कुलाब्याची ३१ मजली 'आदर्श' आठवते ना? सीआरझेडची परवानगी नाही म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये ती पाडायला सांगितलं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं, मग सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली.

आता तपासायचं कसं?

एक, बिल्डरकडून जागेचा सर्व्हे नंबर घ्या. मुंबईत सीटीएस नंबर. नुसतं प्रोजेक्टचं नाव चालत नाही.

दोन, महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट उघडा आणि अपलोड केलेली कागदपत्रं वाचा. रेरा नंबर म्हणजे नोंदणी. सीआरझेडची मंजुरी वेगळी.

तीन, महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचे नकाशे बघा. आपला नंबर रेषेच्या आत की बाहेर? आत असला म्हणजे लगेच बेकायदा, असंही नाही. आधीच वस्ती झालेल्या शहरी भागात अटींवर बांधकाम करता येतं. म्हणून मंजुरीचं पत्र मागा आणि त्यातल्या अटी वाचा. मजले, जागा, नकाशा जुळतो का?

चार, बिल्डर पत्र दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर महापालिकेत किंवा प्राधिकरणाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर टोकन देऊ नका. "आज रेट आहे, उद्या नाही" असं कोणी म्हटलं, तर म्हणू द्या.

आता घराकडे येऊ. भंडाऱ्यात सीआरझेड लागत नाही, पण नदीला पूररेषा आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. ते दिवस तुम्हाला मी सांगायला नको.

जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घर बांधायला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवून.

म्हणून नदीकडचा प्लॉट कोणी "स्वस्तात देतो" म्हणाला, तर गट नंबर घेऊन नगरपरिषदेत किंवा नगररचना कार्यालयात जा आणि विचारा, हा नंबर पूररेषेच्या आत येतो का? उत्तर लेखी घ्या. सातबारा साफ असला तरी पूररेषा त्यावर दिसेलच असं नाही.

थोडक्यात काय, मुंबईत भरती रेषा, इकडे पूररेषा. पैसे देण्याआधी नकाशावर आपला नंबर शोधायचा. घरात आई-बाबा प्लॉट बघत असतील, तर त्यांना हा भाग ऐकवा. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेतो. भेटू!