‘ते’ म्हणजे नक्की कोण?

(भाईंदर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीच्या वर्गात सर्वनामं आली की तुम्हाला हसू फुटतं. इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे तो, आणि मराठीतली ही म्हणजे बाई! पण या एवढ्याशा शब्दांनी एका मैत्रिणीचं प्रकरण कसं अडलं, ते आज सांगते. चूक माझीच होती.

ती केंद्रावर आली आणि म्हणाली, “ते रात्री पिऊन आले. त्यांनी मला मारलं, घराबाहेर काढलं.” वकिलांना अर्ज इंग्रजीत हवा होता. मी घाईत लिहिलं, ‘दे बीट मी’. तिच्या मनात एकटा नवरा होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला अरेतुरे करायचं नाही, हे आपल्यावरचं जुनं वळण. मार खाल्ल्यावरही ते सुटत नाही. मराठीत आदराचं ‘ते’ आणि अनेकांचं ‘ते’ एकच. इंग्रजीत मात्र एक पुरुष म्हणजे ‘ही’, अनेक माणसं म्हणजे ‘दे’. माझ्या अर्जात सगळं घर मारणारं झालं. सासू तर त्या दिवशी गावी होती. समोरच्या वकिलांनी तेवढंच धरलं: बाई खोटं बोलते. खुलासा जोडून ते निस्तरलं, पण चार तारखा वाया गेल्या.

नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ हा गुन्हा आहे. त्यासाठी भारतीय दंड संहितेत १९८३ साली ४९८-अ कलम आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५वं कलम आहे. नवरा आणि नातेवाईक दोघेही त्यात येतात, म्हणूनच कोणी काय केलं हे नेमकं लिहायला हवं.

आणखी दोन खड्डे सांगते. ‘तिचा नवरा’ याचं आपण पटकन ‘हिज हजबंड’ करतो. मराठीत ‘चा’ नवऱ्याकडे बघून येतो; इंग्रजी मात्र नवरा कुणाचा ते बघते. बाईचा, म्हणून ‘हर हजबंड’. दुसरा खड्डा ‘शी’चा. सासू, नणंद, तुम्ही, तिघीही ‘शी’. ‘शीने शीला ढकललं’ यातून न्यायाधीशांना काय कळणार? तिथे सर्वनाम सोडा, नाव आणि नातं लिहा.

इंग्रजी येत नसलं तरी अडू नका. पोलिसांत तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन ती तुम्हाला वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. अर्ज इंग्रजीत असेल तर लिहिणाऱ्याकडून मराठीत समजून घ्या. प्रत्येक ‘ते’पाशी थांबवून विचारा, “इथे कोण लिहिलंय?” मी लिहीत असेन, तर मलाही विचारा. मगच सही करा.