साक्षीदार खरा की खोटा?



 या परिषदेच्या स्वागत समितीत असलो तरी मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नव्हे, दिवाणी कोर्टातला वकील. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात विवेकबुद्धीने चमत्कार आणि भविष्यवाणी यांची झडती कशी घेतली, हा परिषदेचा विषय. म्हटलं, आपण हारतुरे सांभाळावेत आणि खाली बसावं. पण वाचू लागलो तर हे आमच्याच कोर्टाचं काम निघालं: साक्षीदारावर विश्वास कधी ठेवायचा?

१६५६ सालच घ्या. मार्चमध्ये पॅरिसच्या पोर्ट-रॉयल मठात पास्कलच्या भाचीच्या डोळ्याजवळचं नासूर बरं झालं. कशाने, तर ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून पुजल्या जाणाऱ्या काट्याच्या स्पर्शाने. चर्चने चौकशीअंती चमत्कारावर शिक्कामोर्तब केलं. संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्या पास्कलनेही तो मानला. त्याच वर्षी जुलैत ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने २३ वर्षांच्या स्पिनोझाला बहिष्कृत केलं. पुढे १६७०मध्ये त्याचा ग्रंथ निघाला तो निनावी, वर छपाईचं ठिकाण म्हणून हॅम्बुर्गचा खोटा उल्लेख. त्यात तो संदेष्ट्यांना लबाड म्हणत नाही. त्यांची कल्पनाशक्ती तीव्र होती, बुद्धी इतरांहून वरचढ नव्हती, एवढंच त्याचं म्हणणं. राजावर चिडलेल्या अलीशा या संदेष्ट्याला वाद्य वाजेपर्यंत देववाणी स्फुरली नाही, हा दाखला बायबलातलाच. प्रतिपक्षाच्या कागदपत्रांवरून आपली बाजू मांडायची! वकील म्हणून मी दाद देतो.

तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८मध्ये नियमच घालून दिला: साक्ष खोटी असणं हे चमत्काराहूनही अधिक अचाट ठरेल, तेव्हाच ती माना. भविष्यवाणीलाही त्याने हाच नियम लावला. चमत्कारांवरच्या त्याच्या त्याच प्रकरणात एक हिंदी राजा आहे. पाणी गोठतं यावर त्याने आधी विश्वास ठेवला नाही. ह्यूम म्हणतो, त्याचा तर्क बरोबर. मला हा निकाल जरा कडक वाटतो. बर्फ पाहिलेला साक्षीदार खरंच बोलत होता ना!

येशूचे चमत्कार रूपकं आहेत असं लिहिणाऱ्या टॉमस वूल्स्टनला तर १७२९मध्ये लंडनच्या कोर्टाने दंड आणि कैद ठोठावली. त्या निकालाचा आमच्या धंद्याला अभिमान वाटावा असं काही नाही.

तेव्हा निबंधवाचकांनी वेळ पाळावी आणि श्रोत्यांनी उलटतपासणीत भीड ठेवू नये, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.